ज्योत पाहिजे का ज्वाळा? प्रभावळीवरच्या आगीबद्दल जरा सविस्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की देव्हाऱ्यातल्या सहा इंची गणपतीमागे चांदीची प्रभावळ करून घ्यायचीये, कारागीर म्हणतोय कडेनी ज्वाळा काढू भारी दिसतील, आणि सासूबाई म्हणतायत देवघरात आग कशाला, वेलबुट्टी काढा. त्यात तुम्हाला हेही कळत नाहीये की ह्या ज्वाळांचा अर्थ काय, नटराजाच्या मागे असतात त्या ह्याच का, आणि किती काढायच्या, २१ का १०८. मी पितळ आणि चांदीवर नक्षीकाम करतो, तीस वर्षं होऊन गेली, काकांच्या हाताखाली शिकलो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी सासूबाईंचं. त्या चुकीचं काही बोलत नाहीयेत, फक्त त्यांना जी आग डोळ्यासमोर येतेय ती वेगळी आणि कारागिराच्या डोक्यातली वेगळी. आपल्या भाषेतच बघा ना, आजी चुलीतला जाळ कमी कर म्हणायची, शेजारणीकडून विस्तव आणायची, समईची ज्योत म्हणायची, आणि दिवा विझवला असं तर कधीच नाही, दिवा शांत केला. आग हा शब्द घर पेटलं तर नाहीतर तळपायाची मस्तकात गेली तर. म्हणजे घरात रोज चार ठिकाणी पेटलेलं असायचं पण आग कुठेच नव्हती. नक्षीकामात पण अगदी हेच आहे. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं फायर काढा, तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, ज्योत पाहिजे का ज्वाळा पाहिजे का नुसतं तेज पाहिजे. ऐंशी टक्के लोक गप्प होतात.

ओळखायचं कसं, तर मूळ आणि टोक बघायचं. ज्योतीला एक मूळ, एक टोक, पोट खालच्या अंगाला, उभी आणि स्थिर, साधारण बदामाच्या आकाराची. म्हणजे वारा नाही, कोणीतरी लक्ष ठेवून आहे, तेल घातलंय. ज्वाळेला मूळ एक पण जिभा तीन किंवा पाच, टोकं वळलेली, एक जीभ दुसरीच्या अंगावर चढलेली. म्हणजे ती खातेय काहीतरी. आणि तेजाला मूळच नसतं, सरळ रेघा नाहीतर एक सरळ एक नागमोडी अशा, सूर्याच्या मुखवट्याभोवती असतात तशा. ह्या तिन्हीला इंग्रजीवाले कॅटलॉगात एकच नाव देतात आणि तिथून सगळा घोळ सुरू होतो.

मी पहिल्यांदा एकट्यानी प्रभावळ ठोकली तेव्हा २१ ज्वाळा काढल्या, सगळ्या एकाच मापाच्या, सगळ्यांची टोकं उजवीकडे, टेम्प्लेट कापून गिरवलेल्या. मला वाटलं काय सफाई आहे. काकांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, ही पालकाची जुडी कोणी आणली. एवढंच बोलले आणि जेवायला गेले. दिवसभर मी ती घेऊन बसलो होतो आणि खरंच, एकदा पालक दिसला की दुसरं काही दिसेना. चुकलं काय होतं तर पान आणि ज्वाळा ह्यांचा बाहेरचा आकार जवळजवळ सारखाच असतो, फरक आतल्या रेघेत असतो. पानाची शीर मधोमध जाते आणि तिला दोन्हीकडे फाटे फुटतात. ज्वाळेच्या आतली रेघ बुडाशी सुरू होते, एका कडेला चिकटून वर जाते आणि टोकाच्या आधीच संपते, फाटा नाही. मी सगळीकडे मधोमध शीर ओढली होती. तुमच्या कारागिराचं काम बघायचं असेल तर हीच एक गोष्ट बघा.

आता नटराज. चोळांच्या काळातल्या, म्हणजे ढोबळमानानी दहाव्या ते बाराव्या शतकातल्या तामिळ कांस्यमूर्ती घ्या, फोटो नीट मोठा करून बघा, एकाच मूर्तीत दोन आगी आहेत. एक मागच्या डाव्या हातात, कधी तळहातावर कधी छोट्या वाटीत, आणि दुसरी भोवतीच्या कड्यावर. हातातली आग वर जाते, जशी खरी आग जाते. उजव्या मागच्या हातात डमरू म्हणजे निर्मिती, ह्या हातात आग म्हणजे संहार, हा अर्थ सगळ्यांना पाठ असतो. पण कड्यावरच्या ज्वाळा वर जात नाहीत! त्या मध्यापासून बाहेर जातात, माथ्यावरची वर, बाजूच्या आडव्या, खालच्या तर जवळजवळ जमिनीकडे वाकलेल्या. खरी आग असं करेल का कधी? म्हणजे ती जळणारी आग नाहीच, ते सबंध विश्व आहे असं मानतात, आणि ते कडं खाली दोन मकरांच्या, म्हणजे मगरीसारख्या काल्पनिक प्राण्यांच्या, तोंडातून निघतं. ओतताना पण ही प्रभा, म्हणजे हे ज्वाळांचं कडं, बहुतेक वेळा वेगळी ओततात आणि मग पीठावर बसवतात, त्यामुळे कित्येक जुन्या मूर्तींच्या प्रभा हरवल्या आहेत आणि नटराज नुसताच नाचताना दिसतो. तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हो, प्रभावळीच्या ज्वाळा ह्याच घराण्यातल्या, कड्यावरच्या, हातातल्या नव्हे. सासूबाईंना ज्याची भीती वाटतेय ती हातातली.

आणि हे बघायला तामिळनाडूपर्यंत जायला नको, वेरूळला १५ नंबरच्या लेण्यात, म्हणजे दशावतार लेण्यात, लिंगोद्भवाचा पट आहे. राष्ट्रकूट राजा दन्तिदुर्गाचा लेख आहे त्याच लेण्यात, आठव्या शतकातलं काम. गोष्ट माहितीच असेल, आगीचा खांब उभा राहिला, त्याचा अंत शोधायला विष्णू वराह होऊन खाली खणत गेला, ब्रह्मदेव वर गेला, दोघांनाही सापडला नाही. तिथे कोरणाऱ्यासमोर अडचण काय असेल बघा, आगीचा खांब दगडात दाखवायचा कसा, खांब हा तर दगडाचाच असतो. त्यानी लिंग गुळगुळीत ठेवलं, आत शिव उभा केला, आणि ज्वाळा फक्त कडेनी बाहेर काढल्या. पृष्ठभागावर एक रेघ नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कैलास सोडून तिथेच अर्धा तास होतो, बायको वैतागली. आग दाखवायची तर मधला भाग मोकळा सोडायचा आणि कड बोलकी करायची, ही अक्कल मला कुठल्या क्लासात कोणी दिली नव्हती.

आंध्रातल्या अमरावतीच्या बौद्ध शिल्पांतही आगीचा खांब आहे, वर त्रिरत्न हे बौद्ध चिन्ह, तिथे तो बुद्धाच्या जागी उभा आहे, आणि गांधाराकडच्या पटांत तर बुद्धाच्याच खांद्यांतून ज्वाळा निघतात आणि पायातून पाणी, श्रावस्तीच्या चमत्काराचा प्रसंग. कुषाण राजांच्या नाण्यांवर राजाच्या खांद्यातून ज्वाळा निघतात. आणि त्यांच्याच नाण्यांवर अथ्शो नावाचा अग्निदेव आहे, त्याच्या खांद्यावर ज्वाळा आणि हातात चक्क सांडशी. आमच्या धंद्याचा देव! लोहार-तांबटाची सांडशी धरलेला देव सोन्याच्या नाण्यावर, मला तर त्याचा फोटो दुकानात लावावासा वाटतो.

आपल्याकडच्या अग्नीच्या मूर्तीत दोन तोंडं, वाहन मेंढा नाहीतर बोकड, केसांच्या जागी किंवा डोक्यामागे ज्वाळा, आणि देवळाच्या आग्नेय कोपऱ्यात जागा. सात जिभांची नावं मुंडक उपनिषदात आहेत, काली, कराली, मनोजवा, सुलोहिता, सुधूम्रवर्णा, स्फुलिंगिनी आणि विश्वरुची. नावं नीट ऐका, एक धुराच्या रंगाची, एक ठिणग्यांची, एक लालबुंद, एक मनाच्या वेगाची. म्हणजे ज्यानी ही नावं ठेवली त्यानी आगीकडे तासन्‌तास बघितलं होतं. मी अग्नीचं एकच काम केलंय आयुष्यात, त्यात मी सातही जिभा वेगवेगळ्या ठोकायचा प्रयत्न केला, स्फुलिंगिनी म्हणून टोकाशी तीन बारके दाणे पाडले. गिऱ्हाईकाला वाटलं पत्र्यात दोष आहे. असो.

केस म्हणजे ज्वाळा हे पण लक्षात ठेवा, दक्षिणेकडच्या कालीच्या आणि मारिअम्मनच्या मूर्तींत केसच ज्वाळा होऊन वर उभे असतात, आणि विष्णूच्या मूर्तीत शंखाला आणि चक्राला कडेनी ज्वाळेचे तुरे असतात. तिथे चक्र जळत नाहीये, ते जागं आहे, फिरतंय, एवढंच सांगायचंय.

आता खरी कारागिरीची अडचण. आग ही चित्रातली सगळ्यात उजळ वस्तू आणि नक्षीवाला काय करू शकतो, तर फक्त काळं. आम्ही रेघ मारली की तिथे सावली पडते, उजेड आम्हाला पाडताच येत नाही. म्हणून नवशिक्या ज्वाळेत जितक्या जास्त रेघा मारतो तितकी ती विझत जाते, अक्षरशः. करायचं उलटं, ज्वाळा जवळपास कोरी ठेवायची, चकचकीत, आणि भोवतीच्या जमिनीत बारीक दाणा पाडायचा, ठोकून ठोकून, मग ती जमीन काळी करायची. ड्यूरर नावाचा जर्मन कलाकार होता, १४९८ साली त्यानी जगबुडीच्या विषयावर १५ मोठी लाकूडचित्रं छापली, आकाशातून आग पडतेय वगैरे. पुढे १५२८ मध्ये इरॅस्मस नावाच्या पंडितानी त्याचं कौतुक करताना म्हटलं की जे काढताच येत नाही ते हा काढतो, आग, किरण, गडगडाट, वीज, आणि तेसुद्धा रंगाशिवाय, नुसत्या काळ्या रेघांनी. त्यातली आग मोठी करून बघा, आगीच्या आत कागद कोरा आहे. आमच्या काकांनी ड्यूररचं नाव ऐकलेलं नव्हतं पण सांगायचे तेच, आत हात लावू नको, भोवती मर.

चांदीत अजून एक भानगड आहे. प्रभावळीला साधारण अर्धा मिलिमीटरचा, २४ गेजचा पत्रा घेतात, तो राळेवर चिकटवून उलट्या बाजूनी पोट उठवायचं, मग सुलट करून रेघ बसवायची. ज्वाळेचं टोक हे सगळ्यात जास्त ताणलं जातं, म्हणजे तिथेच पत्रा पातळ होतो आणि तिथेच फाटतो. ठोकून ठोकून चांदी कडक होते, मग काढून ताव द्यायचा, दुकानातला दिवा मालवायचा आणि अंधारात बघायचं, अगदी मंद लालसर झाली की बास, जास्त झालं तर गेली. माझ्या मते ज्याला घाई आहे तो ताव द्यायचं टाळतो आणि मग टोकं बोथट ठेवतो, आणि बोथट टोकाची ज्वाळा म्हणजे परत पालक.

आता एक गोष्ट जी तुमच्या कामाला थेट लागते, नक्कल. इराणचे ससानी राजे, पहिला अर्दशीर २२४ साली गादीवर बसला, त्यांच्या चांदीच्या नाण्यांच्या मागच्या बाजूला अग्निवेदी असायची, वर ज्वाळा, आणि त्याचा मुलगा शापूर ह्याच्यापासून दोन्ही बाजूला दोन माणसं उभी. तिथे आग म्हणजे धर्म आणि राज्य दोन्ही. पुढे पेरोझ नावाचा राजा, ४५९ ते ४८४, हूणांकडून हरला आणि खंडणी म्हणून त्याची ढिगानी चांदी पूर्वेकडे गेली, ती नाणी आपल्याकडे आली, लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसला, मग पश्चिम भारतात त्यांच्या नकला पाडायला लागले. नकलेची नक्कल, तिची नक्कल, पाच-सहाशे वर्षं! ठसा कोरणाऱ्यासमोर पेरोझचं नाणं नाहीच, त्याच्या आधीच्या कारागिराचं नाणं आहे. त्याला ज्वाळा दिसत नाही, ठिपक्यांचा ढीग दिसतो, तो ठिपके कोरतो. वेदीच्या चौथऱ्याच्या आडव्या रेघा झाल्या, बाजूच्या माणसांच्या उभ्या काड्या झाल्या, राजाच्या चेहऱ्याचं एक लांब नाक आणि दोन ठिपके उरले. ह्यालाच गधैया नाणी म्हणतात. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी छित्तराजाच्या नावाची सुद्धा अशी नाणी आहेत, अकराव्या शतकातली, म्हणजे ठाण्याच्या बाजारात एक माणूस इराणच्या पवित्र अग्नीनी तांदूळ विकत घेत होता आणि त्याला ते ठिपके कसले ह्याचा पत्ता नव्हता. मी असं एक नाणं हातात घेतलंय, भिंगाखाली. नक्षीवाल्याला त्याच्याकडे बघून जरा कसंतरी होतं, कारण कामात आळस नाहीये, ठिपके एकदम पक्के आहेत, हात सफाईदार आहे.

आणि गंमत अशी की त्याच आगीला मानणारे लोक म्हणजे आपले पारशी तेव्हा गुजरातच्या किनाऱ्यावर येऊन राहिले होते. त्यांनी आग नाण्यावर नाही ठेवली, आत ठेवली. मुंबईत अग्यारीच्या बाहेरच्या भिंतीवर ज्वाळेचं पात्र कोरलेलं दिसेल, खरा आतश, म्हणजे पवित्र अग्नी, आत, आपल्याला दिसत नाही.

हे सगळं का सांगितलं, तर तुमच्या कारागिरानी जो व्हॉट्सअ‍ॅपवर डिझाईनचा फोटो पाठवलाय असं तुम्ही लिहिलंय, ते आजकालचे डाय मशीनवर पाडलेले असतात, मशीनवाल्यानी कॅटलॉगातून घेतलेले, कॅटलॉगवाल्यानी दुसऱ्या प्रभावळीच्या फोटोवरून. त्यात ज्वाळेच्या बुडाशी देठ आलेला असतो. देठ! म्हणजे कोणीतरी मधे तिला पान समजला. त्या फोटोवरून काम करू देऊ नका, जुन्या मूर्तीचा चांगला फोटो द्या त्याला.

बाकी जगात आग कुठे कुठे कोरलीये ते सांगत बसलो तर रात्र होईल. जपानात फुदो नावाचा देव आहे, म्हणजे आपला बौद्ध अचल, त्याच्या मागच्या ज्वाळांना गरुडाचं नाव आहे कारण त्यात गरुडाची डोकी लपवलेली असतात. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा, त्याचं चिन्ह आगीत बसलेली सॅलॅमँडर, शाम्बोरच्या महालात छतावर जिकडे तिकडे. गोव्यात तर घराघरात येशूच्या हृदयावर ज्योत बघितली असेल, ती ज्योत आहे की ज्वाळा हे तुम्हीच ओळखा आता.

एक मात्र सांगतो कारण मी स्वतः तोंडावर पडलोय. एका संस्थेनी स्मरणचिन्हाची ऑर्डर दिली होती, पितळी प्लेट, कडेला मशालींची जोडी. त्यांच्या डिझायनरनी सिमेट्रीसाठी एक मशाल वर आणि एक खाली केली. मी काहीच न बोलता कोरून दिली, चाळीस नग. उलटी मशाल म्हणजे युरोपात विझलेला जीव, रोमन शवपेट्यांवर असते, थडग्यांवर असते. कार्यक्रमाला आलेल्या एका पाहुण्याच्या लक्षात आलं आणि सगळ्या प्लेटा परत. पैसे अर्धेच मिळाले. चूक डिझायनरची पण मला माहिती असून मी गप्प बसलो हे खरं.

आणि आगीची सगळ्यात भयंकर खूण आपल्याकडे आग न दाखवता केलेली आहे. सतीचा दगड. गावाबाहेर असतो, कोपरात वाकलेला हात, बांगड्या, वर चंद्र-सूर्य. बहुतेक दगडांवर चितेची एकही ज्वाळा नसते. बांगड्या शाबूत दाखवायच्या म्हणून आग गाळली. मला वाटतं पाथरवटाला ज्वाळा येत नव्हत्या असं नाही.

तर आता तुमची प्रभावळ. आकडा कुठे ठरलेला नाही, जुन्या प्रभांमध्ये वेगवेगळे दिसतात. १०८ चा विचार सोडा, दहा इंचाच्या कमानीत १०८ बसवल्या तर त्या कंगव्याचे दात दिसतील. आमच्याकडे हिशोब साधा असतो, माथ्यावर कीर्तिमुख, म्हणजे सिंहासारखं उग्र तोंड, असेल तर दोन्ही बाजूला सारख्या, म्हणजे समसंख्या, आणि माथ्यावर कीर्तिमुख नसेल तर मधली एक मोठी ज्वाळा उभी आणि बाकीच्या दोन्हीकडे, म्हणजे विषम. तुमच्या मापाला कडेला १८-२० च्या वर नकोत. टोकं सगळी बाहेर, मध्यापासून, आणि खाली येताना हळूहळू लहान. देवाप्रमाणे म्हणाल तर आमच्यात असं चालतं, हे शास्त्र म्हणून नाही, रिवाज म्हणून सांगतोय, की नरसिंह, भैरव, देवी असेल तर पाच जिभांची ज्वाळा, आणि बाळकृष्ण, अन्नपूर्णा, लक्ष्मी असेल तर तेज किंवा वेल. गणपतीला दोन्ही चालतं. खंडोबा तुमच्याकडे असेल तर प्रश्नच नाही, ज्या घरात दिवटी-बुधली पुजतात तिथे ज्वाळेला कोण नाही म्हणणार.

सासूबाईंसाठी मधला मार्ग असा आहे की आतल्या पट्ट्यात त्यांची वेल घ्या आणि बाहेरच्या कडेला एकेक जिभेची साधी ज्योत घ्या, पाच जिभांची नको. जुन्या प्रभावळींत अशी जोडी खूप दिसते, तडजोड वाटणार नाही. आणि टोकं जरा गोलसर घासून घ्यायला सांगा, बोथट नाही, गोलसर, कारण दर सणाला पुसताना फडकं अडकतं आणि दोन वर्षांत अर्धी टोकं वाकतात, आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या प्रभावळी ह्याच कारणानी येतात.

चांदीला हात लावायच्या आधी कारागिराकडून तांब्याच्या पत्र्याच्या तुकड्यावर एक ज्योत आणि एक ज्वाळा ठोकून घ्या, तासाभराचं काम आहे, तो नाही म्हणाला तर दुसरा बघा. तो तुकडा घरी आणून गणपतीमागे टेकवून ठेवा आणि ट्यूबलाईट बंद करून, समई लावून सासूबाईंना दाखवा. मला वाटतं त्या ज्वाळेवरच बोट ठेवतील, पण नाही ठेवलं तर वेल काढा, माझं काही म्हणणं नाही. फक्त आतल्या रेघेचा एक फोटो मला पाठवा.